बारा नंबर, पाचवा मजला

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला बोलावं लागत नाही, आणि त्याने ते काम धरलं होतं ते त्याचसाठी. पुढे काउंटरवर त्याचा मेहुणा गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलायचा आणि मधल्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवायचा. उजवा डोळा इतका, डावा इतका, फ्रेम अमुक. हा चिठ्ठी वाचायचा, काच फिरत्या चाकावर धरायचा, पाण्याची बारीक धार सोडायचा आणि ती फ्रेममध्ये टक् करून बसेपर्यंत मान वर करायचा नाही. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून काचा तडकल्या त्या मोजून चार. हाताचं असं होतं. जिभेचं मात्र तसं नव्हतं. बोलताना ती अडायची.

लहानपणापासून अडायची. ब, प आणि क ही तीन अक्षरं तर त्याची जन्माची वैरी. ओठ मिटले की मिटले. मान ताणली जायची, डोळे घट्ट व्हायचे, आणि शब्द काही बाहेर यायचा नाही. मग त्याने पळवाटा शोधून ठेवल्या होत्या. ‘पाणी’ अडलं की ‘तहान लागली’ म्हणायचं. ‘बस’ अडली की ‘गाडी’. ‘बारा’ अडले की ‘दहा नि दोन’. ओळखीचे लोक हसायचे, पण समजून घ्यायचे. दुकानात सगळे त्याला ‘मौनी’ म्हणत, आणि त्याचंही त्याला काही वाटेनासं झालं होतं. फोनला मात्र तो हात लावायचा नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला निदान चेहरा दिसतो, तो थांबतो. फोनवर नुसतं काहीच ऐकू येत नाही, आणि काहीच ऐकू येत नसताना कोण किती वेळ कान लावून बसणार?

फोन बायको करायची. ती पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीवर होती, आणि दिवसभर ‘एक मोठा, दोन लहान, टोपी घातल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही’ हे हजार वेळा म्हणूनही घरी आल्यावर तिचा उत्साह कमी व्हायचा नाही. नळ दुरुस्त करणारा, बँक, पूर्वी मुलीची शाळा, सगळ्यांशी तीच बोलायची. नवऱ्याची वाक्यंही तीच पुरी करायची. तो ‘मला जरा...’ एवढं म्हणाला की ही म्हणायची, “चहा ना? ठेवते.” बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर निघे. कधी त्याला चहा नको असायचा, नुसती खिडकी उघडून हवी असायची. पण एवढ्यासाठी परत सुरुवात कोण करणार? तो चहा पिऊन टाकायचा. संसार असा छान चालला होता. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी होती. ती आईला फोन करायची आणि बापाला मेसेज पाठवायची.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. बायको सकाळची पाळी करून दोन वाजता घरी आली. जेवताना म्हणाली, “जबडा दुखतोय हो. आणि हा खांदासुद्धा. त्या मेल्या खिडकीत वाकून वाकून धरलाय.” तिच्या कपाळावर घाम होता. त्याने ताटावरून मान वर केली.

“ड... डॉक्टर...”

“डॉक्टर-बिक्टर काही नको. पित्त आहे,” ती म्हणाली. प्रश्न तिनेच पुरा केला आणि उत्तरही तिनेच दिलं.

तीनच्या सुमाराला दोघं गॅलरीतल्या वाळलेल्या चादरी आत आणून घड्या घालत होती. एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. चादर ताणायची, मधोमध दुमडायची, मग तिने कोपरे घेऊन त्याच्याकडे चालत यायचं. तिसऱ्या चादरीला ती अशीच दोन पावलं पुढे आली आणि त्याच्या हातातली चादर अचानक सैल पडली. त्याला वाटलं, पाय अडकला. ती आधी गुडघ्यावर आली, मग कुशीवर, आणि मग पाठीवर. डोळे अर्धवट उघडे होते. ते त्याच्याकडे पाहत नव्हते.

त्याने तिला हलवलं. खांदे धरून, मग गाल थोपटून. काही नाही. मग तिच्या घशातून घर्र असा आवाज आला, झोपेत घोरल्यासारखा, आणि त्याच्या जिवात जीव आला. श्वास घेतेय! पण पुढचा श्वास येईना. तो वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा घर्र झालं, तोंड माशासारखं उघडलं आणि तसंच राहिलं.

तो दाराकडे धावला. समोरच्या दाराला कुलूप होतं. तरी त्याने त्यावर मुठी आपटल्या. शेजारचं घर तर गेल्या महिन्यापासून रिकामंच होतं. तो गॅलरीत आला, कठडा धरला आणि ओरडायला तोंड उघडलं. ओरडायलाही शब्द लागतो. त्याच्या तोंडून नुसता ‘आ’ निघाला. खाली पार्किंगमध्ये एक बाई गाडी लावत होती. तिने वर पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं आणि ती आपल्या वाटेने निघून गेली. आता फोन. फोन करायलाच हवा होता.

बायकोचा फोन टेबलावर होता. तातडीच्या मदतीचा नंबर दाबताना त्याचा अंगठा दोनदा चुकला. वाजायच्या आतच तो उचलला गेला.

“तातडीची मदत. काय झालं आहे, ते सांगा.”

आवाज बाईचा होता, स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. हल्ली तिथे आधी यंत्र बोलतं हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. ‘बायको’ म्हणायचं होतं. ओठ मिटले. ‘पडली’ म्हणू म्हटलं, तर ओठ तिथेच. दुसरा शब्द, दुसरा कुठलाही शब्द! ‘माझी’ म्हण, ‘ही’ म्हण, ‘घरी या’ म्हण. एरवी हाताशी असलेल्या सगळ्या पळवाटा त्या घटकेला कुठे गेल्या कोण जाणे. गळ्याची शीर फुगली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत हवा कोंडली.

“आपला आवाज येत नाही,” यंत्र म्हणालं. “मदत हवी असल्यास पुन्हा फोन करा.”

आणि फोन बंद झाला.

आयुष्यात त्याच्या तोंडावर पुष्कळांनी फोन ठेवले होते, पण हा असा नव्हता. मागे जमिनीवर पुन्हा एकदा ती घरघर झाली, आधीपेक्षा हळू. त्याला कळून चुकलं की ती आता जाणार, आणि ती जाणार ती आपल्या तोंडामुळे. ही भीती त्याची फार जुनी होती. शाळेत हजेरीच्या वेळी त्याला अशीच भीती वाटायची. तेव्हा मात्र कुणी मरत नव्हतं.

त्याने पुन्हा नंबर दाबला.

या वेळी यंत्राने तो प्रश्न विचारलाच नाही. “याच नंबरवरून आत्ताच फोन आला होता,” ते म्हणालं. आवाज तोच होता पण सावकाश झाला होता, वाक्यं आखूड झाली होती. “मी ऐकते आहे. या वेळी फोन बंद करणार नाही. बोलता येत नसेल तर फोनवर बोट वाजवा. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. समजलं?”

त्याने नखाने फोनवर टक् केलं.

“कुणी बेशुद्ध आहे का?”

टक्.

“तुमचा फोन पाण्याच्या टाकीजवळच्या वसाहतीत दिसतो आहे. तिथेच आहात का?”

देवा, हो. टक्.

“तिथे चौदा इमारती आहेत. इमारतीचा नंबर सांगता येईल का? मी थांबते. घाई नाही.”

घाई नाही! तो रडकुंडीला आला. बारा. एवढंच म्हणायचं होतं. बा... ओठ मिटले. मग इतक्या वर्षांची सवय आपोआप पुढे सरली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “दहा... नि दोन...”

“इमारत दहा. दुसरा मजला. बरोबर?”

नाही, नाही, नाही. दोनदा वाजवायचं होतं. त्याने वाजवलं, पण हात असा थरथरत होता की पहिली टक् फोनवर बसली आणि दुसरी निसटून जमिनीवरच्या चादरीवर. चादरीवर कसला आवाज येणार?

“ठीक. रुग्णवाहिका निघाली आहे,” यंत्र म्हणालं. “बेशुद्ध माणसाचा श्वास चालू आहे का?”

गाडी निघाली होती, आणि ती भलत्याच घरी. दहा नंबरच्या दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण आधी श्वास. श्वास? आत्ता तर झाली होती घरघर. त्याने एकदा वाजवलं. हो.

“फोन त्या माणसाच्या तोंडाजवळ धरा. मला ऐकू द्या.”

त्याने गुडघे टेकले आणि फोन तिच्या ओठांजवळ धरला. दोघंही ऐकू लागले, तो आणि ते यंत्र. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. तिच्या घशातून एक अर्धवट घरघर झाली आणि विरून गेली.

“हा श्वास नाही,” यंत्र म्हणालं. “हृदय थांबलेलं असू शकतं. फोन स्पीकरवर करून जमिनीवर ठेवा. छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा ठेवा. त्यावर दुसरा हात. कोपरं सरळ. जोरात दाबा. छाती पुन्हा वर येऊ द्या. मी मोजते, त्या लयीत दाबा. एक. दोन. तीन. चार.”

तो दाबू लागला. काचेतला पाव मिलिमीटरचा फरक जाणणारे ते हात. पहिल्यांदा त्याने भीत भीत दाबलं. “आणखी जोरात,” यंत्र म्हणालं. दाब कमी पडतोय हे त्या यंत्राला नुसतं ऐकून कसं कळत होतं, कोण जाणे. त्याने अंगाचा भार टाकला आणि तिच्या छातीत कडकन काहीतरी मोडलं. त्याने हात उचललेच.

“थांबू नका,” यंत्र म्हणालं. “बरगडी मोडू शकते. थांबू नका.”

तो पुन्हा वाकला. आता त्याची अवस्था अशी झाली होती की दोन्ही हात तिच्या छातीवर, आणि पत्ता चुकलेला. टकटक करायला बोट रिकामं नाही. हात उचलावे तर ती गेली, न उचलावे तर गाडी चुकली. उरलं होतं फक्त तोंड, आणि त्या तोंडावर त्याचा कधीच भरवसा नव्हता.

मग फोनमधून दुसरा आवाज आला. त्याच्यामागे इतर माणसांची कुजबुज ऐकू येत होती, आणि तो जरा बसलेला होता, सर्दी झाल्यासारखा. “दादा, मी नियंत्रण कक्षातून माणूस बोलतेय. यंत्राने मला बोलावलंय. तुम्ही एकटे आहात ना? नका बोलू, दाबत राहा. मला तुमचा हात ऐकू येतोय, चांगलं चाललंय. आता एक करा. माझ्याबरोबर मोठ्याने मोजा, म्हणजे दम टिकतो. एक, दोन, तीन...”

मोजा? त्याला? पण ती बाई थांबली नव्हती आणि त्याचे हातही थांबले नव्हते. हात खाली गेला आणि त्याच्या तोंडून आलं, “चार.”

पुढचा आकडा पाच होता. तो समोरून येताना दिसला. हात खाली गेला. “पाच,” तो म्हणाला. शब्द हाताबरोबर खाली गेला, कुठेही न अडता. “सहा. सात. आठ.” बाई मोजत होती, यंत्र मोजत होतं आणि तो मोजत होता. घाम नाकावरून तिच्या पदरावर टपटप पडत होता. “नऊ. दहा. अकरा. बारा.”

त्याने तो आकडा सोडला नाही.

“बारा,” तो म्हणाला. हात खाली. “बारा. बारा. बारा.”

“पुढे तेरा,” यंत्र म्हणालं. “तेरा. चौदा.”

“बारा. बारा. बारा.” तो ओरडत होता. हा जर आत्ता निसटला तर पुन्हा हाती लागणार नाही, असं त्याला वाटत होतं.

“थांब गं जरा,” बाई म्हणाली. ती यंत्राला म्हणत होती. मोजणारा तो दुसरा आवाज बंद झाला. “दादा, तुम्ही चुकलेला नाहीत. तुम्ही मला काहीतरी सांगताय. बारा म्हणजे काय? इमारत बारा?”

“हो. बारा. हो. बारा.”

“दहा नाही, बारा. आलं लक्षात. आणि मजला? तसाच सांगा, दाबत दाबत.”

“पाच. पाच. पाच.”

“बारा नंबर, पाचवा मजला.” ती तोंड फिरवून कुणाला तरी मोठ्याने सांगत होती. “अरे, दहा नाही, बारा! पाचवा! गाडीला सांगा आधी!” मग पुन्हा जवळ. “दार उघडं आहे का?”

“हो. आहे. हो. आहे.” समोरच्या दारावर मुठी आपटायला गेला तेव्हा आपलं दार उघडंच राहिलं होतं.

“शाब्बास. आता आपण दोघंच. एक, दोन...”

सायरन ऐकू आला तेव्हा त्याचे खांदे जळत होते. सायरन वसाहतीत शिरला, जवळ आला, आणि लांबच कुठेतरी थांबला. टाकीच्या बाजूला. दहा नंबर तिकडेच. थांबला तो थांबलाच. त्याच्या अंगातलं उरलंसुरलं बळ सरकन उतरलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ निळे. ‘गेली,’ त्याच्या मनात आलं, ‘मी दाबतोय ते उगाचच.’

“मी पण ऐकला,” बाई फोनमधून म्हणाली. “त्यांना निरोप पोचलाय. वळताहेत. तुम्ही थांबलात तर मी ऐकेन बरं का. दाबा. सतरा. अठरा.”

सायरन पुन्हा सुरू झाला. मग जिन्यात पावलं वाजली, आणि लाल पिशव्या घेतलेली दोन माणसं, एक तरुण बाई आणि एक बुवा, धापा टाकत आत आली. त्या तरुण बाईने त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं. कात्रीने ब्लाउज कापला, छातीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या. “लांब व्हा,” ती म्हणाली. बायकोचं शरीर एकदा उसळलं. मग दाबणं, मग पुन्हा उसळलं. तो भिंतीला पाठ लावून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

“काका, आता मोजू नका,” तो बुवा म्हणाला. “नाडी लागली.”

त्याला ते समजायला वेळ लागला. फोन जमिनीवर तसाच होता. त्याने तो उचलून कानाला लावला. पलीकडे बाईचा श्वास ऐकू येत होता. तीही वाट पाहत होती.

त्याला सांगायचं होतं. ओठ मिटले.

ती थांबली. एक शब्द बोलली नाही. मागे कुणीतरी तिला हाक मारली तर तिने नुसतं ‘श्श’ केलं.

“ना... नाडी,” तो शेवटी म्हणाला. “आहे.”

“आहे ना,” ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. “जा आता त्यांच्याबरोबर.”

भीती तिथे संपली असती तर बरं झालं असतं. दवाखान्यात पहिले तीन दिवस बायको नळ्यांच्या जंजाळात पडून होती आणि तो बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. मेहुणा आला, मुलगी मिळेल त्या पहिल्या गाडीने आली. डॉक्टरांनी विचारलं, “पडल्यापासून दाबायला लागेपर्यंत किती वेळ गेला?” त्याने सांगायला सुरुवात केली. “साधारण द...” “दहा मिनिटं?” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते लिहू लागले. त्याने एरवी मान डोलावली असती. पण त्याने डॉक्टरांच्या हातातलं पेन धरलं. अक्षरशः धरलं. मेहुणा दचकून म्हणाला, “भाऊजी, अहो!” त्याने कागदावर लिहिलं: दोन ते तीन मिनिटं. डॉक्टरांनी ते वाचलं. मग म्हणाले, “माफ करा. तुम्ही बोला, मी ऐकतो.” त्याला पुरं सांगायला बराच वेळ लागला. डॉक्टरांनी एकदाच घड्याळाकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले. पाचव्या दिवशी मुलीला ओळखलं. सहाव्या दिवशी नर्सला म्हणाली की ही उशी कुणी भरली, दगड घातलेत की काय. मग सगळ्यांनी ओळखलं की ही आता वाचली. दोन बरगड्या मोडल्या होत्या, आणि हसलं की कळ यायची. तो दिवस मात्र तिच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. सकाळी तिकीट खिडकी उघडल्यानंतरचं काहीच तिला आठवेना.

घरी आल्यावर ती त्याच्या मागेच लागली. “सांगा ना. मी पडले, मग काय केलंत?” त्याने सांगायला घेतलं. “मी दार... दाराकडे...” “पाणी आणलंत?” “नाही. स... समोर...” “समोरच्यांना बोलावलंत. ते आले?” “नाही.” तिचे सगळे अंदाज चुकत होते, आणि तिच्या लक्षात आलं की ही गोष्ट आपल्याला खरंच ठाऊक नाही. मग तिने हात मांडीवर ठेवले. तरी मध्ये तीनदा बोललीच. स्वभाव आहे. जेवतानापासूनचं सगळं सांगून व्हायला एक अख्खी दुपार गेली. फोन बंद झाला त्या जागी आल्यावर तिने तोंडाला पदर लावला. ती म्हणाली, “म्हणजे जेवताना तुम्ही डॉक्टर म्हणाला होतात ना हो?” त्याने हो म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही. रात्रीचं जेवण होईपर्यंत बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत हे फारच झालं.

महिन्याभराने नियंत्रण कक्षातून मेसेज आला, त्या बाईचाच. पहिला फोन आमच्याकडून बंद झाला, त्याची चौकशी झाली आहे, माफी मागायची आहे, आणि जमलं तर एकदा भेटा. तो जायला तयार नव्हता. बायकोने एका शब्दाने जोर केला नाही. आठवडाभर मेसेज तसाच राहिला. मग एका सकाळी त्याने स्वतःच बूट घातले, आणि बायकोही बरोबर निघाली.

फोनवरची ती ताई पन्नाशीची निघाली, ठेंगणी, गळ्यात मफलर. कक्षात ओळीने टेबलं होती आणि कानाला यंत्रं लावलेली माणसं हलक्या आवाजात बोलत होती. तिने त्या दोघांना बाजूच्या लहान खोलीत नेलं. “पहिला फोन ऐकायचाय का?” तिने विचारलं. “नको असेल तर नको.”

त्याने मान हलवली. हो.

आवाज लागला. “तातडीची मदत. काय झालं आहे, ते सांगा.” त्यापुढे त्याला वाटलं होतं नुसतं रितं असेल. तसं नव्हतं. ओठ मिटल्याचा बारीक आवाज होता. घशात हवा अडल्याची टिचकी, एकदा, दोनदा, पाचदा. आणि लांब मागे ती घरघर. आठ सेकंद होती. मग यंत्र म्हणालं, आपला आवाज येत नाही.

“एवढं सगळं होतं त्यात,” ताई म्हणाली. “यंत्राला तो गोंगाट वाटला. खरं सांगू का, मी असते तर मलाही कदाचित कुणीतरी चाळा करतंय असंच वाटलं असतं. यंत्राला आम्ही हजारो माणसांची बोलणी ऐकवून शिकवलं, पण त्यात तुमच्यासारखी किती? बोटांवर मोजण्याइतकी. अशी माणसं फोनच करत नाहीत.” तिने खुर्ची पुढे ओढली. “तुम्ही आम्हाला आवाज द्याल का? नुसते पत्ते वाचायचे. जसे येतील तसे. अडलं तर अडू द्यायचं, तेच हवंय.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिला उत्तर माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

तो पाच शनिवार गेला. एका बंद खोलीत, समोर माइक, कागदावर दीडशे पत्ते. दर वेळी दार लागलं की त्याला तीच भीती गाठायची, शर्ट पाठीला चिकटायचा, आणि पहिल्या पत्त्याला तो पाच-सहा मिनिटं नुसता बसून राहायचा. पाचव्या शनिवारी ताईने त्याच्या आवाजावर शिकवलेलं यंत्र लावून दिलं आणि म्हणाली, बोलून बघा. त्याने प ने सुरू होणारा पत्ता निवडला. ओठ मिटले. यंत्र गप्प राहिलं. वीस सेकंद झाली. मग यंत्र हलकेच म्हणालं, “हं, ऐकते आहे,” आणि पुन्हा गप्प झालं. त्याने पत्ता पुरा सांगितला. यंत्राने मजला चुकीचा लिहून घेतला.

“मजल्याचं अजून गडबडतंय,” ताई वैतागून म्हणाली आणि वहीत टिपून घेतलं. “पुढच्या शनिवारी येता?”

“येतो,” तो म्हणाला. बाहेर बाकावर बायको शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपल्या बरगड्यांची हकीकत सांगत होती, आणि तिचं आवरेपर्यंत तो दारात उभा राहिला.